ताईच्या घरचा मापाचा जनरेटर

लोडमावशी कुणाच्या घरी माप घ्यायला गेली की आधी बसत नाही. उभ्या उभ्याच विचारते, "वीज गेल्यावर तुम्हाला काय काय लागतं?"

माणसं हसतात. मग एकेक सुरू होतं. फ्रीज लागतो, पंप लागतो, पोरांचा कॉम्प्युटर, सासऱ्यांची गरम पाण्याची पिशवी. मावशी ऐकून घेते. मग म्हणते, "हे झालं हौसेचं. आता गरजेचं सांगा."

तिचं जनरेटरचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काच कापणारा. पत्र्याचं शटर वर सरकवलं की आत लहानापासून मोठ्यापर्यंत जनरेटर ओळीनं उभे, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. मी वर राहते. साहित्याची पदवी घेऊन घरी बसले होते, तेव्हा तिनं जिन्यात अडवून विचारलं, "तुला शुद्ध लिहिता येतं ना? मग माझ्या गिऱ्हाइकांना पत्रं लिही." पत्रं थोडीच होती. गप्पा जास्त झाल्या. ती मला नावानं हाक मारत नाही. एमए म्हणते.

तिला लोडमावशी कुणी म्हणायला लागलं ते तिलाही आठवत नाही. लोड म्हणजे विजेवर पडणारा भार, आणि तिच्या तोंडी दुसरा विषय नसतो. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणते, "स्थळं आली होती. लोड झेपला नसता." कुणाला, ते सांगत नाही.

तरुणपणी ती मोटरींची वायर भरायची. एका अंधाऱ्या कारखान्यात स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, वर व्हार्निश लावायचं. तिच्या बोटांच्या पेरांवर अजून पिवळट डाग आहेत. मोटर कशी उठते, हे तिनं तिथं बघितलं. उठते हा तिचाच शब्द. गिऱ्हाइकाला ती असंच समजावते.

"माणूस खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवतो की नाही? चालताना लागत नाही तेवढा जोर उठताना लागतो. मोटरचं तसंच. फ्रीज असो, पंप असो, सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढते आणि मग शांत होते. जनरेटर घ्यायचा तो उठण्याच्या हिशेबानं. आणि घरातल्या सगळ्यांना एकदम उठवायचं नाही."

तिच्या हातात कायम चिमटा असतो. म्हणजे चिमट्यासारखं तोंड उघडणारं मीटर. चालू वायरीला नुसतं मिठीत धरायचं, किती वीज जातेय तो आकडा दिसतो. ती घरातल्या वस्तू एकेक लावायला सांगते, आकडा बघते. माणसं काय सांगतात त्यावर तिचा विश्वास कमी. चिमटा काय सांगतो त्यावर पूर्ण.

आणि मोठ्या जनरेटरशी तिचं वैर. एकदा एक दातांचे डॉक्टर आले. ऐटीत म्हणाले, "मावशी, दहा केव्हीएचा द्या."

"दहाचा कशाला? दात काढता की झाडं?"

डॉक्टर रागावले नाहीत. पण दहाचाच हवा म्हणून अडून बसले. शेजारच्या दवाखान्यात आठचा होता. मावशीनं त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं, की मोठ्या डिझेल इंजिनाला थोडंसंच काम दिलं की ते नीट तापत नाही, तेल अर्धवट जळतं, आत काजळी धरते. "उपाशी ठेवलेलं इंजिन लवकर मरतं. तुम्हाला तीनचा पुरतो. उरलेल्या सातांचं तुम्ही काय करणार, खुर्चीवरच्या पेशंटला दाखवणार?" डॉक्टर तीनचा घेऊन गेले.

असं ती छाटत राहायची. कुणी पाचचा मागितला तर तीनचा, तीनचा मागितला तर दोनचा. तिचा धंदा बहुतेक असाच चालला. मला ते फार आवडायचं. बाजारात असं माणूस नसतं.

तिला जवळचं एकच माणूस. मोठी बहीण. मावशी तिला ताई म्हणते म्हणून मीही ताईच म्हणते. आई लवकर गेल्यावर ताईनंच मावशीला वाढवलं. ताई आणि तिचा नवरा, भाऊजी, दोघांनी आयुष्यभर एका गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजला. मावशी सांगते, दोघं संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. आरशात बघून एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणून चिडवायचे.

तो कापूस आत गेला. भाऊजींची फुप्फुसं निकामी होत गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. सिलिंडर नव्हे, विजेवर चालणारं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं. दिवसाचा बराच वेळ नळी लावायची. वीज गेली की मशीन गप्प. आणि त्यांच्या भागात वीज रोज जाते.

मावशीनं त्यांना जनरेटर दिला. भेट म्हणून. कुठल्याही गिऱ्हाइकासाठी घेतला नसेल इतका वेळ तिनं त्या मापाला घेतला. मशीन उठताना किती ओढतं, पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघितलं. मशीन, एक ट्यूब, एक पंखा. बास. पेट्रोलवर चालणारा, सुटकेसएवढा, ताईला उचलता येईल असा. घरामागच्या बोळात, धूर आत येणार नाही अशा कोपऱ्यात तिनं तो स्वतः बसवला. आणि ताईला बजावलं, "याच्यावर दुसरं काही लावायचं नाही हं. लावलंस की बंद पडेल, आणि भाऊजींची हवा जाईल."

"नाही लावणार बाई," ताई म्हणाली.

मावशीला त्या जनरेटरचा अभिमान होता. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ती ताईच्या घरचं उदाहरण द्यायची. "आजारी माणूस घरात आहे, तरी बघा, एवढुसा पुरतो. सुईच्या टोकाएवढा जास्त नाही, कमी नाही." ताईला फोन करून विचारायची, "कसा चाललाय?" ताई म्हणायची, "मस्त." मी कितीदा तरी हा फोन ऐकलाय.

आम्ही अधूनमधून ताईकडे जायचो. मावशी आधी फोन करायची, कारण भाऊजी झोपलेले असले तर दार वाजवायला नको. ताई चहा करायची, कप आणताना थांबायची, ओट्याला टेकायची. मावशी म्हणायची, "जाड झालीस. जिना चढत जा रोज." भाऊजी नळी सावरत म्हणायचे, "मेहुणीबाई, माझ्या बायकोला बोलू नका, तिचा लोड मी झेलतोय." सगळे हसायचे. मीही.

त्या दिवशी आमच्या भागात आणि त्यांच्याही भागात तारांचं काम होतं. वीज सकाळीच गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मावशीच्या हाताशी एक नवा स्पार्क प्लग आणि तेलाचा डबा होता. म्हणाली, "चल एमए, ताईच्या जनरेटरला जेवायला घालून येऊ." फोन लावला तर लागला नाही. टॉवरलाही वीज नसेल. आम्ही निघालो.

पुढच्या दारानं गेलो नाही. बोळातूनच जनरेटरचा आवाज येत होता, एकसारखा. मावशी त्या आवाजावर खूश झाली. म्हणाली, "ऐक. कण्हतो का? नाही." तेल बदलायला जनरेटर बंद करावा लागतो, पण त्याआधी चालू असतानाचा आकडा बघायची तिची पद्धत. तिनं वायरीला चिमटा लावला आणि मला धरायला दिला.

"किती?"

मी आकडा वाचला.

"बरोबर. भाऊजींचं मशीन आणि एक ट्यूब." मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "पंखा का नाही लावलाय? या उकाड्यात?"

तेवढ्यात आकडा खाली आला. ट्यूबपुरता उरला. आतलं गुणगुणणं थांबलं.

"उठले असतील जेवायला," मावशी म्हणाली. "बरं झालं. आता बंदच करून टाकते."

तिनं बटणाकडे हात नेला आणि जनरेटर कण्हला. खोल, पोटातून. चिमट्यावरचा आकडा वर उडाला आणि परत खाली बसला. पण आधीच्या जागी नाही. जरा वर.

मी आकडा वाचला. तिला वाटलं मी चुकले. तिनं चिमटा माझ्या हातातून घेतला, स्वतः बघितला, काढून पुन्हा लावला.

"हा भाऊजींचा आकडा नाही," ती म्हणाली.

मागचं दार उघडलं. भाऊजी चौकटीला धरून उभे होते. नाकात नळी नव्हती. आम्हाला बघून त्यांनी दार अर्धवट ओढून घेतलं.

"अगं, तू? फोन नाही केलास."

"लागला नाही. भाऊजी, तुम्ही इथं उभे. मग आत काय चाललंय?"

"मिक्सर."

"मिक्सर असा आवाज करतो?"

भाऊजी हसले. हसताना त्यांना धाप लागली. "मेहुणीला फसवता येत नाही," ते म्हणाले. पण बाजूला झाले नाहीत. दोन्ही हात चौकटीवर ठेवून उभे राहिले. असं कुणाची वाट अडवून उभं राहिलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मावशीनं त्यांचे खांदे धरले, हळूच त्यांना बाजूला केलं आणि आत गेली. मी मागोमाग.

मागची खोली अडगळीची. आम्ही कधी तिथं गेलो नव्हतो. जुन्या गाद्यांची चळत, शिडी, डबे. खिडकीला ओला टॉवेल लावलेला. पंखा बंद. खाटेवर ताई बसली होती, मांडीवर भाऊजींचा सदरा आणि सुई-दोरा. तिच्या नाकात नळी होती. नळी खाटेच्या कडेला चादरीखाली जात होती, आणि चादरीखाली काहीतरी गुणगुणत होतं.

मावशीनं चादर उचलली. मशीन. भाऊजींच्यापेक्षा मोठं.

ताईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर नळी काढली. "थांब, चहा टाकते," म्हणाली आणि उठायला लागली.

"बस," मावशी म्हणाली. "ती नळी घाल आधी."

ताईनं घातली. भाऊजी भिंत धरत आत आले आणि खाटेसमोरच्या खुर्चीत बसले. ताईनं त्यांच्याकडे हात पुढे केला. "दाखवा."

भाऊजींनी हात पुढे केला. ताईनं त्यांची बोटं उजेडाकडे वळवून नखं निळी पडलीत का बघितलं. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, पुन्हा बघितलं.

"अजून थोडा वेळ चालेल," ती म्हणाली.

आम्ही तिथं आहोत हे ती त्या क्षणी विसरली होती. हे ती रोजच करत असणार. मला कळायला वेळ लागला. मावशीला लागला नाही. ती गाद्यांच्या चळतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. चिमटा तिच्या हातातच होता, तोंड उघडं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," भाऊजी म्हणाले. "तिचाही तोच आजार. मला आधी झाला, तिला मागून. त्यातही मीच पुढे."

"मी तुला जिना चढायला सांगत होते," मावशी ताईला म्हणाली.

"चढले एकदोनदा," ताई म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून."

मी शिडीच्या पायरीवर बसले.

मावशी मग एकेक विचारत गेली, गिऱ्हाइकाला विचारते तसंच, पण आवाज तिचा नव्हता. वीज असते तेव्हा? तेव्हा दोघांची मशीनं चालतात, माझं या मागच्या खोलीत, तू येणार असलीस की बंद, ताई म्हणाली. आणि वीज गेल्यावर? वीज गेल्यावर आळीपाळीनं. थोडा वेळ ते, थोडा वेळ मी. एकाच मशीनवर नळ्या का नाही बदलल्या? बदलल्या होत्या सुरुवातीला. भाऊजी म्हणाले, हिला जास्त लागतो, मला कमी, एकदा बटण फिरवायचं राहिलं आणि मला गरगरलं. डॉक्टर ओरडले, म्हणाले, एकाच्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"दोन्ही एकदम लावून बघितली?"

"लावली ना. बंद पडला तुझा जनरेटर. परत सुरू करायला दोरी ओढावी लागते. तोवर दोघांनाही धाप लागलेली, ह्यांना ओढता येईना, मला ओढता येईना." ताई जरा हसली. "शेवटी दूधवाला आला, त्यानं ओढली."

"आणि पंखा?"

"पंखा चालू असला की माझं मशीन उठत नाही."

उठत नाही. मावशीचाच शब्द.

"डॉक्टरांना माहीत आहे, वीज गेल्यावर काय करता ते?"

"विचारलं होतं त्यांनी. म्हटलं, आमच्याकडे जनरेटर आहे."

मावशीनं चिमटा खाटेवर ठेवला. मग म्हणाली, "ताई, माझं दुकान आहे जनरेटरचं. दुकान. तुला माझ्याकडून भाजी थोडीच हवी होती. मला एक फोन करायला काय झालं होतं?"

ताईनं सदऱ्याला टाका घातला. दोरा दातानं तोडला.

"तू इतक्या हौसेनं दिला होतास. सगळ्या गावाला सांगत होतीस, ताईचा बघा, ताईचा बघा. टायरवाल्याची बायको भाजीला भेटली तर मला म्हणाली, तुमच्या घरी म्हणे सुईच्या टोकाएवढं माप आहे. मग मी काय सांगू? कमी पडतोय?" ती थांबली, श्वास घेतला. "आणि तूच म्हणालीस, याच्यावर दुसरं काही लावायचं नाही."

"मी टीव्हीबद्दल बोलत होते."

"मला वाटलं, सगळ्याबद्दल."

भाऊजी खुर्चीत पुढे वाकले होते. ताईचं लक्ष गेलं. तिनं नाकातली नळी काढली, मशीनचं बटण दाबलं. भाऊजी उठले, भिंतीला धरत पुढच्या खोलीत गेले. आम्ही ऐकत होतो. बटणाचा आवाज. बाहेर जनरेटर कण्हला आणि सावरला. पुढच्या खोलीतलं गुणगुणणं सुरू झालं. इकडे ताई डोळे मिटून बसली, ओठ आवळून, पोहणारा माणूस पाण्याखाली जाताना श्वास धरतो तशी.

ही अदलाबदल मी डोळ्यांनी बघितली. पुस्तकांत मी पुष्कळ त्याग वाचलेत, त्यांवर निबंध लिहिलेत, मार्क मिळवलेत. इथं कुणी त्याग करत नव्हतं. दोन म्हातारी माणसं एका वस्तूच्या मापात बसत होती, कारण ती वस्तू एका प्रेमळ माणसानं नेमकी मापून दिली होती.

मावशी उठली. "एमए, पळ. बोळाच्या तोंडाशी टेम्पोवाला असतो, त्याला घेऊन ये. दुकानातून आणायचंय."

"किती केव्हीएचा?"

तिला आकडा येईना. शेवटी ती ताईसमोर खाली बसली, तिच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"आता तू सांग. वीज गेल्यावर तुला काय काय लागतं?"

"अगं, तूच ठरव. मला काय कळतंय."

"मीच ठरवला होता हा. तू सांग."

"दोन्ही मशीनं चालली की झालं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"आणि?"

ताईनं छताकडे बघितलं. "पंखा."

"एक की दोन?"

"दोन. ह्यांना फार उकडतं."

"आणि?"

"अगं बास. दुकान रिकामं करशील."

"ताई, आणि काय?"

पुढच्या खोलीतून भाऊजींचा आवाज आला. "फ्रीज सांग की. दूध नासतं रोज, आणि मला म्हणते, मुद्दाम नासवलं, पनीर करायचं होतं."

ताई हसली. हसताना तिला खोकला आला, खोकला थांबेना. मावशी तिची पाठ चोळत राहिली. पाठ चोळता चोळताच म्हणाली, "पाचचा आण."

तिनं कुणाच्या घराला पाचचा दिल्याचं मला आठवत नाही. मी धावले.

टेम्पोवाला आणि मी मिळून तो आणला. बोळात जागा नव्हती. टेम्पोवाल्यानं शेजाऱ्यांच्या कुंड्या हलवल्या, शेजारी काही बोलले नाहीत. धूर बाहेर जावा म्हणून मावशीनं पाइपाचं तोंड गल्लीकडे वळवलं. मग टेम्पोवाल्याला आत नेलं आणि भाऊजींचं मशीन मागच्या खोलीत आणायला लावलं. नको म्हणाले तरी. "एकाच खोलीत बसा दोघं," ती म्हणाली. "पुरे झाला हा खेळ."

सुरू करताना तिनं आधी ताईचं मशीन लावायला सांगितलं. जनरेटर जरा दबला, सावरला. मग भाऊजींचं. मग एक पंखा. मग दुसरा. फ्रीज शेवटी. प्रत्येक वेळी ती थांबली, ऐकलं, आणि हातानं खूण केली. चिमटा लावला नाही. तो खाटेवर पडून राहिला.

दोन मशीनं शेजारी शेजारी गुणगुणत होती. भाऊजी आणि ताई समोरासमोर बसून, दोघांच्या नाकात नळ्या, पंख्याचा वारा. आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. भाऊजींनी हात पुढे केला, सवयीनं. मग मागे घेतला. ताई लगेच झोपली. बसल्या बसल्या, मान बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून. इतकी गाढ की आम्हाला भीती वाटली. भाऊजी म्हणाले, "झोपू दे. दिवसा वीज गेल्यावर झोपलेली नाही ती. माझ्यावर लक्ष ठेवायला लागायचं ना."

संध्याकाळी वीज आली. कुणाला कळलंही नाही, रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा कळलं.

परत येताना लहान जनरेटर टेम्पोत मागे होता, मावशी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. आमच्या इमारतीजवळ उतरल्यावर मात्र शटरसमोर थांबली.

"मोजलं चुकीचं नव्हतं ना मी?"

"नाही," मी म्हणाले. "तेव्हा एकच मशीन होतं."

"मग आजही पहिला आकडा बरोबर होता. तू वाचलास ना? मी अर्धा क्षण आधी बटण दाबलं असतं तर खुशीत तेल बदललं असतं, आणि दुकानात येऊन सांगितलं असतं की ताईचा मस्त चाललाय." ती शटरला टेकली. "चिमटा किती वापरतात ते सांगतो. किती लागतं ते नाही सांगत."

मी तिच्याजवळ उभी राहिले. टायरवाला दुकान बंद करत होता, त्यानं हात केला. तिला दिसला नाही.

"मी आजवर इतक्या घरांत दिले," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, छान चाललाय. एकाचीही तक्रार नाही. मला त्याचा केवढा गर्व होता." मग अगदी हळू विचारलं, "एमए, किती घरांत बसले असतील असे?"

दुसऱ्या दिवशी मी जुन्या बिलांवरून पत्त्यांची यादी केली.

तेव्हापासून ती दुकान बंद ठेवून फिरतेय. जिथं वीज गेलेली असेल त्या भागात जायचं, आणि आधी कळवायचं नाही. बरीच घरं खरंच ठीक निघाली. एका ठिकाणी एक आजोबा अंधारात बसून होते, सूनबाईचं ऑनलाइन काम चाललेलं म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला बघून आधी तोंड लपवलं. पेशंट नसताना ते चोरून पंप लावत होते आणि जनरेटर दोनदा बंद पडला होता. मावशी त्यांना ओरडली नाही. म्हणाली, "मला सांगायचं होतं." ते म्हणाले, "तुम्ही रागावाल वाटलं." ती तिथंच दवाखान्याच्या बाकावर बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही.

काल आम्ही एका शिंप्याकडे गेलो. भर दुपार, वीज नव्हती. दारातच तो हात जोडून म्हणाला, "या मावशी. जनरेटर एकदम झकास. तुमचं माप म्हणजे माप."

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. मावशीनं तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

बायकोनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "छान चाललंय की."

मावशीनं चपला काढल्या आणि आत गेली.